सदुसष्ट ग्रॅम

उजव्या पारड्यात नेमसिंगचं वीस किलोचं लोखंडी वजन होतं आणि डाव्या पारड्यात सरकारी. सरकारी पारडं वर राहिलं होतं. वजनमापे कार्यालयातल्या निरीक्षक सुरभी मॅडमनी चिमट्यानं पाच ग्रॅमचं पितळी वजन उचलून डावीकडे ठेवलं. काही हललं नाही. आणखी पाच ठेवलं. मग दोन, मग एक. तेरा ग्रॅमला काटा मधल्या रेघेवर येऊन थांबला तेव्हा नेमसिंग आडे खुर्चीवरून उठून उभा होता, आणि आपण कधी उठलो हे त्याला कळलं नव्हतं.

"मॅडम, तराजूच एकदा पायता का," तो म्हणाला.

मॅडमना राग आला नाही. त्यांनी दोन्ही वजनं उतरवली, इकडचं तिकडे केलं आणि पुन्हा तोललं. तेराच. मग बाकीची चार एकेक करून चढवली. चौदा, बारा, पंधरा, तेरा. त्यांनी कागदावर बेरीज मांडली. पाच वजनांचे मिळून शंभर किलो व्हायला हवेत, ते शंभर किलो आणि वर सदुसष्ट ग्रॅम भरले होते.

नेमसिंग हा मारेगावकडचा परवानाधारक काटेवाला. वय अठ्ठावन्न, डोक्यावर पांढरा फेटा, स्कूटरच्या मागे पाच वजनांची लाकडी पेटी. बिघडलेला वजनकाटा दुरुस्त करायचा, आपली वजनं ठेवून तो बरोबर लावायचा, मग निरीक्षकानं येऊन शिक्का मारायचा, असा हा धंदा. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. बैल गेले, ती लादणी गेली, आणि माल वाहणाऱ्यांच्या या नातवाच्या हाती माल तोलायचा काटा आला. सव्वीस वर्षांत त्यानं एवढं मात्र कमावलं होतं की, कापसाच्या मापावरून दोघांची जुंपली आणि कुणी म्हणालं, 'नेमसिंगनं लावलेला काटा आहे बाप्पा,' की दोघंही गप्प बसायचे. या गोष्टीचा त्याला किती अभिमान होता ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला थोडंफार ठाऊक होतं.

मॅडमनी पहिलं वजन आडवं केलं. तळाशी जी पोकळी असते ती लालभडक भरलेली होती. त्यांनी टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"मॅडम, ते पुजेचं हाय," नेमसिंग एकदम म्हणाला आणि त्यानं हात आडवा धरला. मग स्वतःच तो हात मागे घेतला. "मी काढतो."

अकरा वर्षांपूर्वी ही वजनं नवी घेतली, त्या दसऱ्यापासून त्याची बायको हंसाबाई त्यांची पूजा करत होती. घरातली सगळी हत्यारं ओळीनं मांडायची, पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर यांना हळदकुंकू लावायचं आणि वजनांना तेलात कालवलेला शेंदूर. वरून लावला तर गिऱ्हाइकांचे हात माखतात, म्हणून खालच्या पोकळीत. पूजेचा शेंदूर कुणी खरवडून काढत नाही. देवाच्या दगडावर जसा थरावर थर चढतो तसा इथेही चढला. शेंदूर ही शिशाची जात, हाताला जड लागते, हे नेमसिंगला माहीत होतं. पण देवाला वाहिलेल्या वस्तूचं वजन धरायचं असतं हे अकरा वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं दर दसऱ्याला शेंदूर लावताना पाहिला होता आणि हात जोडले होते.

त्यानं जुन्या वर्तमानपत्रावर पाचही वजनं खरवडली. खरवडताना शेंदूर त्याच्या बाह्यांवर उडाला. मॅडमनी पुन्हा तोललं, वजनं बरोबर भरली. त्यानं कागदाची पुडी बांधून खिशात घातली आणि त्याला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. मॅडमनी मागच्या नोंदी काढल्या. वजनांवर दर मुदतीला शिक्के होते, तारखा होत्या, सह्या होत्या. मॅडम या कार्यालयात येऊन दोनच महिने झाले होते. त्यांनी विचारलं, "काका, आधीचे साहेब ही वजनं तराजूवर चढवायचे का?"

नेमसिंगनं खाली पाहिलं. आधीच्या साहेबांचा त्याच्यावर जीव होता. 'तुमची वजनं कायले तोलाची,' असं म्हणून ते शिक्का मारायचे आणि चहा मागवायचे. गावोगावच्या शिबिरांनासुद्धा ते सरकारी वजनं ओझं होतं म्हणून नेत नसत, नेमसिंगच्याच पेटीवर काटे तपासत. साहेबाचा भरवसा नेमसिंगवर आणि नेमसिंगचा भरवसा साहेबाच्या शिक्क्यावर. अकरा वर्षं दोघं एकमेकांकडे पाहून निर्धास्त होते आणि मधल्या मधे वजन कुणी केलंच नव्हतं.

"तुमची वजनं कोन तोलते मॅडम?" त्यानं विचारलं. विचारण्यात थोडी कुरापत होती.

"वरची प्रयोगशाळा. ठरावीक मुदतीला पेटी घेऊन जावं लागतं मला."

"आन् त्यायची?"

"त्यांच्याही वरची."

"म्हंजे कोनीच सोताच्या शब्दावर राह्यत नाई."

"नाही काका," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर माझ्या शिक्क्याला काही अर्थ आहे."

मग त्यांनी सरळ सांगितलं. शेंदूर निघाला, पण या वजनांवर यंदा लावलेले काटे चुकीचेच चालू आहेत. जड वजनावर लावलेला काटा माल कमी दाखवतो. ते सगळे काटे त्या स्वतः पुन्हा तपासणार होत्या, पण त्यासाठी यादी हवी. कार्यालयातल्या नोंदीत फक्त नव्या शिक्क्यांचे काटे होते. हंगामाच्या तोंडावर नेमसिंगनं कुठे कुठे जाऊन काटे लावले ते त्याच्या वहीतच होतं. यादी दिली की त्याचं नाव अहवालात जाणार, परवान्याचं काय ते वरचे ठरवणार. "उद्या आणून द्या," एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

नेमसिंग बाहेर आला. स्कूटर चालू केली, बंद केली. टपरीवर चहा सांगितला आणि तो यायच्या आधीच पैसे ठेवून निघाला. वहीतली नावं त्याला तोंडपाठ होती, एकतीस. यादी दिली तर सव्वीस वर्षांचं नाव एका दिवसात पुसलं जाणार होतं. न दिली तर कुणालाही कळणार नव्हतं, आणि हेच त्याला जास्त टोचत होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता, बायका ओटीत वेचत होत्या. एरवी तो हात हलवायचा. आज त्यानं रस्त्यावरून नजर काढली नाही.

पुंडलिकरावांच्या आवारापाशी स्कूटर आपोआप थांबली. पुंडलिकराव स्वतः कापूसवाले शेतकरी, आणि हंगामात आजूबाजूच्या गावांचा आणि तांड्यांचा कापूसही गावातच मोजून घ्यायचे. नेमसिंगला परवाना मिळाला तेव्हा पहिला काटा त्यांनीच दिला होता. आवारात माप चालू होतं. त्याच्याच तांड्यातली बबिता गाठोडी घेऊन आली होती. नवरा पुण्याकडे कामाला, शेत ही एकटी पाहायची. गाठोडं काट्यावर चढायचं, मापारी आकडा सांगायचा, ती मान हलवायची.

मापाऱ्यानं सवयीनं म्हटलं, आकडा पाहून घे व बाई, मागून बोलायचं नाही. बबितानं पदरानं तोंड पुसलं.

"कायले पाहू? काकायनं लावलेला काटा हाय. मी तं घरून मोजून बी नाई आनलं."

मग तिला नेमसिंग दिसला आणि ती हसली. त्यालाही हसावं लागलं. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

तो पुंडलिकरावांना गोदामाच्या मागे घेऊन गेला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. क्विंटलमागे सदुसष्ट ग्रॅम म्हणजे किती ते हातावर दाखवलं, एक ओंजळ. काट्यावरून उतरवताना याहून जास्त कापूस वाऱ्यानं उडतो, म्हणाले. त्यांच्या मनात पाप नव्हतं, घाई होती. ऐन हंगामात काटा तपासणीत अडकला तर आवार बंद पडलं असतं.

"आता वजनं बराबर झाली ना तुही? मंग माह्या काट्याचं सील तोड, पडला म्हनून सांगू, नवा शिक्का घेऊ. बाकीच्यायचंही असंच कर एकेक. बोंबलत कायले फिरतं?"

नेमसिंगला क्षणभर हे पटलं. मोकळा श्वास आला. तो स्कूटरपर्यंत गेला आणि तिथे त्याला हसू फुटलं, कडू हसू. एका पंधरवड्यात एकतीस काटे पडले म्हटलं तर मॅडम काट्यांची नाही, भूकंपाची चौकशी करतील. आणि समजा, दोनचार काट्यांचं जमलंही. त्यांच्यावर पुन्हा कुणाच्या भरवशानं शिक्का घ्यायचा? त्याच्याच.

वाटभर तो मनातल्या मनात हिशेब करत राहिला. करायचा नव्हता, पण डोकं ऐकेना. पुंडलिकरावांच्या काट्यावर हंगामात सहाशे क्विंटल तरी कापूस चढत असेल. सदुसष्ट गुणिले सहाशे. चाळीस किलो. चाळीस किलो म्हणजे एका बाईची दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंतची वेचणी. एका काट्यामागे एका बाईचा एक दिवस, कुणाच्याच ओटीत न पडलेला. असे एकतीस काटे. आणि हे एकाच हंगामाचं.

घरी हंसाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. त्याचं तोंड पाहून तिनं सूप खाली ठेवलं. "कांई वेगो?" तिनं विचारलं. घरात दोघांची तांड्यातली गोरबोलीच चालायची. काय झालं ते सांगायला त्याला तीन वेळा सुरुवात करावी लागली. शेवटी त्यानं खिशातली पुडी काढून तिच्यासमोर ठेवली.

आधी ती चिडली. पूजेचा शेंदूर खरवडलाच कसा, तोही कचेरीत, लोखंडाच्या हत्यारानं, चपला घालून. मग तो सदुसष्ट ग्रॅमचं सांगू लागला तशी तिची बडबड कमी होत गेली. चाळीस किलोचं ऐकल्यावर ती पुडीकडे बघतच राहिली. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून नेमसिंगला परवाना मिळेपर्यंत ती लोकांच्या शेतात कापूस वेचत होती. चाळीस किलो म्हणजे काय ते तिच्या कमरेला नेमसिंगपेक्षा चांगलं माहीत होतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, मॅडमच्या कागदावर शेंदूर असं लिहिलं जाईल का. तिची भीती त्याच्या लक्षात आली. वजनाखाली शेंदूर सापडला म्हटलं की तांड्यात, गावात एकाच गोष्टीची कुजबुज सुरू होणार: आड्याच्या बाईनं करणी केली. बाईवर असं एकदा आलं की जात नाही. तिनं यादी देऊ नको म्हटलं नाही. दे असंही म्हटलं नाही. पुडी घेतली, ओढ्याकडे गेली आणि बराच वेळ आली नाही.

नेमसिंगनं वही काढली. तीनदा उघडून मिटली. आत जाऊन पाणी प्यायला, बाहेर येऊन स्कूटरचा आरसा पुसला, शेजारच्याशी पावसावर दोन शब्द बोलला आणि आपण काय बोललो ते त्यालाच आठवेना. हंसाबाई परतली तेव्हा तो ओट्यावर बसून एकेक नाव कोऱ्या कागदावर उतरवत होता. सगळ्यात वर त्यानं पुंडलिकराव लिहिलं होतं. नाहीतर शेवटी तेच नाव गाळायचा मोह झाला असता. ती त्याच्या शेजारी बसली आणि राहिलेल्या शेंगा सोलू लागली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी यादी वाचली, मोजली. अहवालात कारण लिहायचं होतं. पेन थांबवून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"असं लिहा जी," नेमसिंग म्हणाला. "वजनाच्या बुडाले थर साचला होता. साफ ठेवाचं काम माहं होतं, म्या केलं नाई. यात खोटं नाई ना काही?"

"नाही," मॅडम म्हणाल्या आणि तसंच लिहिलं.

परवाना तीन महिन्यांसाठी थांबवल्याचं पत्र आठवड्यात आलं. फेरतपासणीचं शिबिर पुंडलिकरावांच्याच आवारात ठेवलं गेलं, कारण ट्रॅक्टर उभे राहतील एवढी जागा तिथेच होती. पुंडलिकराव आठ दिवस नेमसिंगशी बोलले नव्हते. दुरुस्तीला वणीकडून दुसरा काटेवाला बोलावला होता, कपिल नावाचा. सकाळपासून काटे येऊ लागले. कुणी बैलगाडीतून, कुणी ऑटोत, किराणावाला एकजण डोक्यावर घेऊन. ज्याला त्याला कळलं होतं. काहीजण नेमसिंगकडे पाहून दुसरीकडे वळले. एक म्हातारा मुद्दाम जवळ आला, सव्वीस वर्षं तुझ्या नावावर निजलो म्हणाला, आणि निघून गेला.

तो यायला बांधील नव्हता. काटा उघडायची त्याला परवानगीही नव्हती. पण मॅडमच्या पेटीतली वीस किलोची वजनं उचलायला माणूस हवा होता, आणि ते काम त्यानं न विचारता उचललं. हात स्वच्छ धुऊन, फडकं घेऊन, एकेक वजन काट्यावर ठेवायचं, मॅडमनी लिहून घेतलं की उतरवायचं. साठ ग्रॅम कमी, सत्तर कमी, सत्तर कमी. प्रत्येक काट्याच्या मालकाला तो स्वतःच्या तोंडानं सांगत होता की, हे माझ्यामुळे झालं. मॅडम एकदा म्हणाल्या, काका, हे सांगायची गरज नाही, अहवालात आहे. तो म्हणाला, अहवाल हे लोक वाचत नाहीत.

दुपारी पुंडलिकरावांच्या काट्याची पाळी आली. कपिलनं सील तोडलं, काटा नव्यानं लावला. मॅडमनी सरकारी वजनं ठेवून पाहिली, पुन्हा ठेवून पाहिली, तार ओवून शिसं दाबलं. पुंडलिकराव दारात उभे राहून पाहत होते. शिक्का बसला तेव्हा त्यांनी मापाऱ्याला हाक मारली आणि सांगितलं, आधी नेमसिंगले पानी दे. नेमसिंगला तेवढंही पुरलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं पाण्याच्या निमित्तानं तोंडही धुऊन घेतलं.

बबिता दुसऱ्या वेचणीचा कापूस घेऊन सकाळपासून फाटकापाशी बसून होती. काटा मोकळा झाला तशी ती पुढे आली. पहिल्या वेचणीचं जे कमी भरलं ते पुंडलिकराव पुढच्या मापात धरणार, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्याबद्दल तिनं काही विचारलं नाही. मापाऱ्यानं तिचं गाठोडं काट्यावर चढवलं. ती तिथेच उभी राहिली, आणि मापाऱ्याकडे नाही, मॅडमकडे नाही, नेमसिंगकडे वळली.

"काका, आता बराबर हाय ना?"

हो म्हणणं सोपं होतं. काटा बरोबर होता, त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि सव्वीस वर्षं तो हेच एक उत्तर देत आला होता. तिलाही तेच हवं होतं.

"मले नको इचारू बाई," नेमसिंग म्हणाला. "तू पाय."

तो आकड्यांच्या पाटीसमोर उभा होता. फडकं खांद्यावर टाकून तो दोन पावलं बाजूला सरकला. बबितानं पदर सावरला, पुढे वाकली आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागली.